साक्रीच्या रस्त्यावरचा समुद्रतळ

आठवीच्या भूगोलात दुसरा पाठ ‘पृथ्वीचे अंतरंग’ आणि चौथा ‘सागरतळ रचना’ आहे. मध्ये ‘आर्द्रता व ढग’ येतात. गेली कित्येक वर्षे मी हे पाठ याच क्रमाने शिकवत आलो आहे आणि ढग ओसरेपर्यंत मुले प्रावरण, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्या मधला थर, विसरलेली असतात, त्यामुळे समुद्राच्या तळाशी पोहोचल्यावर मला पुन्हा मागे जावे लागते. या दोन पाठांची गाठ उघड्यावर दिसेल अशी जागा आपल्याच खानदेशात, जळगावपासून काही तासांच्या अंतरावर आहे, हे मी वाचून होतो. तिथे जायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे मी धुळ्याला बहिणीच्या घरी पोहोचलो. धुळ्याची थंडी काय असते हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगून पटायचे नाही. माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोटारसायकल त्याची आणि बेत माझा, अशी वाटणी झाली. माझ्या पिशवीत भिंग, होकायंत्र आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला एक लोहचुंबक होता. हातोडी मी मुद्दाम घेतली नव्हती.

साक्रीच्या रस्त्याला लागल्यावर मी भाच्याला एक हिशेब सांगितला, तो मी वर्गातही सांगतो. हा रस्ता आडवा नसून सरळ खाली पृथ्वीच्या पोटात जातो असे समजावे. आपल्या पायाखाली खंडाचे भूकवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे असते, म्हणजे साक्री येण्याच्या आतच ते संपून प्रावरण सुरू होईल. समुद्राखालचे भूकवच मात्र जेमतेम ६ ते ७ किलोमीटरचे. धुळ्याहून लळिंगचा किल्ला गाठण्याआधीच ते सरेल. त्यापुढचे प्रावरण २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत, काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहून थोडेसेच कमी. त्याखाली लोह-निकेलचा द्रवरूप बाह्य गाभा आणि ५,१५० किलोमीटरपासून केंद्रापर्यंत घनरूप अंतर्गत गाभा. या सगळ्या प्रवासात माणसाने प्रत्यक्ष किती मजल मारली, तर रशियातल्या कोला द्वीपकल्पावर १९८९ मध्ये १२,२६२ मीटर. समुद्राचे कवच पातळ आहे तर तिथूनच प्रावरण गाठू, अशा विचाराने अमेरिकेने १९६१ मध्ये मेक्सिकोजवळच्या पॅसिफिकमध्ये साडेतीन किलोमीटर पाण्याखाली छिद्र पाडून पाहिले. ते तळाच्या खाली १८३ मीटर गेले, शेवटी थोडासा बेसाल्ट हाती लागला आणि पुढे १९६६ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला.

“मग एवढे आकडे आले कुठून, मामा?” भाच्याने हेल्मेटमधून ओरडून विचारले. ते भूकंपांनी सांगितले. १९०९ मध्ये क्रोएशियातल्या एका भूकंपाच्या लहरी काही केंद्रांवर अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचल्या, त्यावरून आंद्रिया मोहोरोविचिच यांनी ताडले की खाली कुठेतरी अधिक घनतेचा खडक आहे आणि तिथून लहरी वेगाने धावतात. आपण मोहो म्हणतो ती सीमा हीच. १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषींनी न्यूझीलंडच्या भूकंपाच्या अंधूक नोंदींवरून गाभ्याच्या आतला गाभा शोधला. पुस्तकातल्या चित्रात प्रावरण लालभडक रंगवतात, त्यामुळे मुलांना वाटते की आपण एका उकळत्या कढईवर बसलो आहोत. प्रावरण हा घन खडक आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून त्या खुशाल जातात. तो खडक लाखो वर्षांच्या मापाने सावकाश सरकतो, आणि जिथे वर येता येता त्याच्यावरचा दाब कमी होतो तिथे त्याचा थोडासा अंश वितळतो. समुद्रतळही त्यातूनच घडला आणि आपला दख्खनही.

साक्रीच्या अलीकडे रस्ता सोडून एका शेतवाटेने आम्ही आत गेलो. समोर तुरीच्या आणि कपाशीच्या पलीकडे एक काळी भिंत उभी होती. पहिल्या नजरेला मी तिला एखाद्या गढीचा तटच समजलो, इतकी ती सरळ आणि एकसारख्या रुंदीची होती. होकायंत्र धरले तेव्हा ती पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे गेलेली दिसली, म्हणजे साधारण तापीच्याच रोखाने. भूवैज्ञानिक अशा भिंतीला डाइक म्हणतात. जमिनीला उभी भेग पडली, तिच्यात खालून वितळलेला खडक घुसला, तिथेच थिजला, आणि पुढे आजूबाजूचे मऊ थर झिजून गेल्यावर ही भरलेली भेग तेवढी उभी राहिली. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झालेली आहे; त्यांतली सर्वांत लांब भिंत साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत, म्हणजे तब्बल ७९ किलोमीटर गेलेली आहे. म्हणजे सकाळपासून आम्ही तिच्याच सोबतीने प्रवास करत होतो आणि डोंगरकडा समजून तिच्याकडे दुर्लक्ष करत होतो.

जवळ गेल्यावर दिसले की भिंतीतले दगड आडव्या खांबांसारखे, सरपण रचून ठेवावे तसे एकावर एक आहेत. खडक निवताना आकसतो आणि ज्या बाजूने उष्णता बाहेर जाते त्या दिशेला तडे जाऊन त्याचे खांब तयार होतात. लाव्हाचा थर जमिनीवर पसरला तर उष्णता वरखाली निघून जाते आणि खांब उभे राहतात; भेगेत मात्र उष्णता दोन्ही बाजूंच्या गार खडकात गेली, म्हणून इथे ते आडवे आहेत. मग मी भिंग काढून भिंत आडवी तपासत गेलो. अगदी कडेला दगड इतका बारीक की त्यात कण दिसेना, जणू घोटलेली काळी पाटी. वीतभर आत कण जाणवू लागले आणि मध्यावर तर उन्हात चमकणारे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक भिंगाशिवाय दिसत होते. कडेचा रस गार खडकाला टेकताच थिजला, त्याला स्फटिक वाढवायला सवडच मिळाली नाही, मधल्याला मिळाली. पलीकडच्या कडेला गेलो तर तिथेही तीच घोटलेली पाटी होती.

दोन्ही कडा सारख्याच बारीक असणे, हे पाहण्यासाठीच मी आलो होतो. महासागराच्या मध्यावर जलमग्न पर्वतरांगा असतात आणि तिथे तळ सतत फाटत असतो. वर पाण्यात पडून गोल उशांसारखा गोठलेला लाव्हा, त्याखाली डाइकांचा थर, त्याखाली सावकाश निवालेला गॅब्रो हा भरड खडक आणि मग प्रावरणाचा पेरिडोटाइट हा खडक, अशी त्या कवचाची रचना आहे. तिथल्या डाइक एकमेकींना अशा खेटून असतात की मध्ये दुसरा खडकच उरत नाही; पत्त्यांचा जोड उभा धरावा तसे. सायप्रसच्या त्रूदोस डोंगरात आणि ओमानमध्ये समुद्रतळाचे असे तुकडे जमिनीवर चढलेले आहेत. तिथे अभ्यासकांना अनेक भिंतींची एकच कड बारीक कणांची सापडली. कारण असे की समुद्रतळावर नवी भेग बहुधा आधीच्या, अजून कोमट असलेल्या भिंतीच्या मधोमध पडते. जुनीचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे जातो, आणि प्रत्येक अर्ध्याकडे एकच मूळ कड राहते. खानदेशात जमीन ताणली गेली, ठिकठिकाणी फाटली, भेगा भरल्या आणि ताण थांबला. आमच्या भिंतीला दोन्ही कडा शाबूत आहेत, म्हणजे तिच्या पोटातून दुसरी भेग गेलीच नाही. समुद्र होण्याची वाट जमिनीने इथे धरली होती आणि पहिल्या काही पावलांतच सोडली, असे मी त्याचे वाचन करतो.

आम्ही दगडाशी डोळे लावून बसलेलो पाहून एक वयस्क शेतकरी काठी टेकत आले. “काय दखी राहिनात, भाऊ?” मी भिंत दाखवली. त्यांना भिंतीचे कौतुक नव्हते, विहिरीचे होते. “वरला आंगले पानी शे, खालला आंगले नही,” असे म्हणून त्यांनी काठीने दोन्ही बाजू दाखवल्या. घट्ट डाइक जमिनीखालच्या पाण्याला बांधासारखी अडवते. तडे गेलेली असेल तर उलट पाणी तिच्यातूनच वाहते. कोणती भिंत कशी आहे हे त्यांच्या गावात विहीर खणणाऱ्याला विचारूनच ठरते, आणि त्यात चूक झाली तर कर्ज अंगावर राहते. आमच्या डाव्या हाताला भिंतीचा एक मोठा लचका तुटलेला होता. तो दगड खडी होऊन रस्त्याखाली गेला, असे बाबांनी निर्विकारपणे सांगितले. सकाळी आम्ही कदाचित त्याच्यावरूनच आलो असू.

भिंतीच्या पायथ्याशी कोरडा नाला होता. लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवला, तेव्हा कागदाला काळ्या कणांची दाट मिशी फुटली. हे मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण. खडक निवताना त्यांच्यात त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते, आणि ते क्षेत्र उपजते बाह्य गाभ्यातल्या फिरत्या द्रव लोहात. म्हणजे माझ्या कागदावर २,९०० किलोमीटर खालची नोंद होती. हे क्षेत्र अधूनमधून उलटते. दख्खनचा बराचसा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच उलट्या काळात बाहेर पडला, जेव्हा आजच्या होकायंत्राच्या सुईने उत्तरेऐवजी दक्षिण दाखवली असती. याच खडकांच्या चुंबकत्वाच्या मापनांवरून १९५०च्या दशकात ध्यानात आले की ते गोठले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

समुद्रतळावर हीच नोंद पट्ट्यांच्या रूपात सापडली, आणि तीही आपल्याच अरबी समुद्राच्या बाजूला. तिथल्या जलमग्न रांगेला कार्ल्सबर्ग रिज म्हणतात. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या डॅनिश कंपनीच्या प्रतिष्ठानाने एका सागरी मोहिमेला पैसे दिले, त्याची ही परतफेड. १९६२ मध्ये ब्रिटिश जहाज ‘ओवेन’ने या रांगेवर चुंबकीय मोजणी केली आणि तिच्या आधारे पुढच्याच वर्षी फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी मांडले की रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत, कारण तळ मध्यावर तयार होऊन दोन्हीकडे सरकत जातो. भारत आणि सेशेल्स यांची फारकत सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी झाली. तिकडे फाटणे पूर्ण झाले आणि समुद्र आला, इकडे ते अर्ध्यावर राहिले आणि तूर आली.

रात्री नंदुरबारला मुक्काम केला. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या होत्या. ठसक्याने डोळे पुसत आम्ही शेवभाजी खाल्ली आणि तीही तितकीच तिखट निघाली. जेवताना भाच्याने मोबाइलवर नकाशा काढून मला दाखवले की धुळे सुमारे २१ अंश उत्तरेला आहे आणि हिंदी महासागरातले रियुनियन बेट सुमारे २१ अंश दक्षिणेला. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्थळावरून, म्हणजे प्रावरणातून तप्त रस वर येतो अशा जागेवरून, आला असे मानतात, ते आज त्या बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस अशी बेटांची आणि बुडालेल्या रांगांची माळ त्याच्यापर्यंत जाते. १९८७ मध्ये या माळेवर समुद्रतळाला छिद्रे पाडून खडकांचे वय काढले, तेव्हा ते उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी होत गेले. हा रस प्रावरणात किती खोलवरून येतो, याबद्दल भूवैज्ञानिकांचे आजही एकमत नाही. मला पटते ते खोलवरचे मूळ, पण हे मी परीक्षेला विचारत नाही.

रविवारी शहाद्याकडून दऱ्याच्या उनपदेवला गेलो. कुंडातले पाणी अंगाला सोसेल इतकेच गरम होते. “म्हणजे खाली अजून लाव्हा आहे,” असे भाच्याने जाहीर केले. तो लाव्हा केव्हाच थंड झाला. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते. सातपुड्याच्या पायथ्याच्या खोल भेगांतून पावसाचे पाणी खाली उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने परत येते. पाणी वाहून नेणाऱ्या त्या भेगा याच ताणलेल्या पट्ट्यातल्या आहेत. शेजारी एक आजी नातवाला आंघोळ घालत होत्या; त्यांच्या मते हे पाणी खरजेवर उत्तम. मी त्यावर वाद घातला नाही, पाय सोडून बसलो.

परतताना प्रकाशाला तापीच्या पुलाशी थांबलो. कागदाच्या पुडीत नाल्यातली वाळू अजून होती. तिचे सोबती दर पावसाळ्यात पांझरेतून तापीत उतरतात आणि पूर्वी ते सुरतेपुढे समुद्राच्या तळावर जाऊन बसत. खाली गुजरातेत उकाई धरण झाल्यापासून त्यांच्यातले बहुतेक त्या जलाशयातच अडकतात. भाच्याने मोटारसायकल सुरू केली, मी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि आम्ही दोंडाईच्याच्या वाटेला लागलो.