चालायचा पाय, शर्यतीचा पाय

आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आम्ही आधी चालायला लावतो. दोन्ही बाजूंना धरायला दांडे, मध्ये सरळ पट्टी, समोर उभा आरसा. त्या दिवशी देवासहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी दांड्यांना हातही न लावता इतकी छान चालत आली की मी दोनदा तिची फाइल पाहिली. डावा पाय गुडघ्याखाली नाही, असं फाइलमध्ये होतं. चालीवरून मला ते ओळखता आलं नसतं.

मी इंदूरला राजेंद्रनगरात कृत्रिम हातपाय बनवते आणि बसवते. चालायला त्रास होतो म्हणून लोक येतात. या मुलीला चालायला काहीच त्रास नव्हता. सायकलवर बसून अर्धा तास झाला की गुडघ्याच्या मागे आग व्हायची, मग स्टंप, म्हणजे गुडघ्याखाली उरलेला पाय, बधिर पडायचा आणि डाव्या पेडलवर जोरच लागेनासा व्हायचा. पाय जिथे बनवला होता तिथे ती दोन-चार वेळा जाऊन आली होती. त्यांनी चालवून पाहिलं आणि "फिटिंग उत्तम आहे" म्हणून परत पाठवलं. फिटिंग उत्तमच होती. पण ती सायकलवर बसलेली कोणी पाहिलीच नव्हती.

"सायकल आणलीयस?" मी विचारलं.

"खाली मामाच्या ओम्नीत आहे, मॅडम. चाकं काढून ठेवलीत."

ती पहाटे इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर मुलांच्या घोळक्याबरोबर सराव करते. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला 250 मीटरचा लाकडी ट्रॅक एकदा पाहून आली होती आणि तेव्हापासून तिला रस्त्यापेक्षा ट्रॅकचंच वेड लागलं होतं. मोबाइल उघडला की समोर ज्योती गडेरियाचा फोटो. भंडारा जिल्ह्यातली ही ज्योती आणि आंध्रचा अर्शद शेख 2024मध्ये पॅरिसला गेले. पॅरालिम्पिकमध्ये सायकल चालवणारे ते पहिले भारतीय. ट्रॅक सायकलिंग तिथे 1996च्या अटलांटापासून आहे. म्हणजे या मुलीच्या जन्माआधीपासून जे चाललंय, तिथवर आपण आत्ता पोहोचतोय. हे मनात आलं आणि वाईट वाटलं.

गल्लीच्या टोकाला सायकलवाला आहे, त्याला ट्रेनर घेऊन बोलावलं. ट्रेनर म्हणजे मागचं चाक घट्ट धरणारा स्टँड. सायकल जागच्या जागी चालते. कास्टिंगच्या खोलीतली पीओपीची पोती बाजूला सारून सायकल उभी केली. मुलगी चढली, बुटाच्या तळाची क्लीट खटकन पेडलमध्ये अडकून बसली आणि चाक फिरायला लागलं. मी बाजूने पाहत होते, सायकलवाला मागून. पाच-सात मिनिटांत तो म्हणाला, "मॅडम, सीट तो सीधी है, छोरी टेढ़ी बैठ री है."

मागे जाऊन पाहिलं. डावं पेडल वर आलं की तिची कंबर उजवीकडे सरकायची आणि डावा गुडघा बाहेर फेकला जायचा. शरीर काहीतरी चुकवत होतं. आरशासमोर सरळ चालणारी हीच ती मुलगी, यावर विश्वास बसत नव्हता.

तिला उतरवलं, पाय काढायला लावला आणि कपाटातून लिपस्टिक काढली. आमच्या धंद्यात लिपस्टिक लागतेच. जिथे दाब पडत असावा असं वाटतं तिथे लिपस्टिक लावायची, पाय घालून काम करायला लावायचं आणि मग तो रंग सॉकेटला, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या कवचाला, कुठे उतरला ते पाहायचं. गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना ज्या शिरा, म्हणजे मांडीच्या स्नायूंच्या कंडरा, हाताला दोरीसारख्या लागतात, त्यांच्यावरच्या लायनरला, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ मोज्याला, मी रंग लावला. आधी पट्टीवरून चालवलं. सॉकेटच्या मागच्या काठावर रंगाचा जेमतेम स्पर्श. काठ पुसला, पुन्हा रंग लावला आणि सायकलवर बसवलं. या वेळी काठावर दोन ठसठशीत लाल पट्टे उमटले, कडेवरून आतपर्यंत ओढले गेलेले. लायनर उतरवल्यावर कातडीवर बरोबर त्याच जागी दोन वळ होते, जुने, काळपट. ते वळ तिच्या आईनेही वाकून पाहिले.

चालताना गुडघा फार तर 60 अंश वाकतो. पेडल वरच्या टोकाला आलं की तोच गुडघा 110च्या आसपास जातो. चालायच्या सॉकेटचा मागचा काठ मुद्दाम उंच ठेवतात, स्टंपला धरून ठेवायला. पण गुडघा एवढा वाकला की तोच काठ मांडीमागच्या शिरांमध्ये रुततो आणि स्टंपला सॉकेटमधून वर ढकलतो. मिनिटाला 90 फेऱ्या धरल्या तर तासाला 5,400 वेळा. रस्त्यावर निदान पेडल थांबवून दम खाता येतो. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि गिअर फिक्स असतो. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच, पाय दुखो की न दुखो.

दुसरी गोष्ट तळव्याची. तिचं पाऊल रबराचं होतं, चालायला मऊ. क्लीट मात्र उजव्या बुटासारखीच डाव्यालाही चवड्याखाली लावलेली. उजवीकडे चवड्यावर जोर दिला की पोटरी घोटा धरून ठेवते. डावीकडे पोटरीच नाही. जोर दिला की रबर वाकायचं आणि निम्मी मेहनत तिथेच जिरायची. सायकलवाल्याने डाव्या बुटाच्या तळाला नवीन भोकं पाडली आणि मी सांगितलं तशी क्लीट मागे, थेट पायलॉनखाली, म्हणजे सॉकेट आणि पाऊल जोडणाऱ्या दांडीखाली आणली. त्यामुळे पेडल खाली गेलं की पाय ताणला जायला लागला, मग सीट बोटभर खाली घेतली. सॉकेटचा मागचा काठ मी मशीनवर थोडा घासला, हीट गनने जरासा बाहेर वळवला, पुन्हा रंग, पुन्हा सायकल. पट्टे फिके झाले. कंबर बरीच स्थिर झाली. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती पेडल मारत होती, आणि चाकाचा आवाज चढत गेला.

"थांब आता," शेवटी मलाच म्हणावं लागलं.

पण काठ याहून खाली घेता येत नव्हता. घेतला तर चालताना स्टंपचं मांस काठावरून बाहेर आलं असतं आणि तिची ती सुरेख चाल बिघडली असती. म्हणून मी जे सांगितलं ते आईला ऐकायला जड गेलं. हा पाय चालायला राहू द्या, सायकलसाठी वेगळा बनवू. मागून खोल कापलेलं कार्बनचं सॉकेट, खाली पावलाऐवजी ताठ प्लेट आणि तिलाच क्लीट.

"मॅडम, एक पाय मिळवायला आमची दोन वर्षं गेली," आई म्हणाली. "लोक म्हणतील, चालते ना पोरगी, मग आणखी काय पाहिजे?"

हे मी खूप ऐकलंय आणि दर वेळी जीव तुटतो. चालता आलं की अपंग माणसाने समाधान मानावं, ही अपेक्षा आपल्याकडे किती खोल बसलीय! मी त्यांना जयपूर फूटबद्दल सांगितलं. 1968च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते पाऊल घडवलं. परदेशी पाऊल बुटात घालून चालायला ठीक होतं, पण आपला माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी उतरतो. त्या दोघांनी आधी माणूस पायाने काय काय करतो ते पाहिलं आणि मग पाऊल बनवलं. "तुमची मुलगी पायाने पेडल मारते, वहिनी. मलाही तेच पाहून बनवावं लागेल."

आई देवासला शिवणकाम करते, शाळांचे गणवेश. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "जीन्स आली की मी सोळा नंबरची सुई लावते. अस्तराच्या सुईने केलं तर सुई मोडते नाहीतर टाके सुटतात." मग मुलीकडे वळून, "किती लागतील ते नीट विचारून घे." खर्चाचा आकडा मी सांगितला. आकडा मोठा होता. एका ट्रस्टकडे अर्ज करायचं ठरलं, उरलेल्यासाठी मामा म्हणाले, बघतो.

मुलीची शंका वेगळीच होती. "पाय एवढा भारी झाला तर मला वरच्या गटात टाकतील का?" तिला वाटत होतं, चांगल्या पायाची शिक्षा होईल. तसं होत नाही. सायकलवर बसणाऱ्यांचे सी 1 ते सी 5 असे गट असतात, सी 1मध्ये अडचण सर्वांत जास्त. गुडघ्याखाली एक पाय नसलेले बहुधा सी 4मध्ये येतात. तपासणारे शरीरात काय नाही, ताकद किती, सांधा किती वाकतो ते टेबलवर पाहतात, मग सायकलवर पाहतात. कार्बनच्या पायाने स्टंप लांब होत नाही. ब्रिटनचा जोडी कंडी याच गटातला, आधी पोहण्यात आणि मग सायकलवर पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलेला. त्याचे स्टार्टचे व्हिडिओ तिने आधीच पाहिले होते. मला दाखवून म्हणाली, "हे बघा, निघताना हा पेडल वर ओढतो. माझा पाय निघून येईल का?"

प्रश्न अचूक होता. उभ्याने स्टार्ट घेताना एक पेडल दाबायचं आणि दुसरं वर खेचायचं, तेव्हा सॉकेट स्टंपवरून निसटायला बघतं. म्हणून लायनरला खाली पिन, सॉकेटमध्ये तिचं लॉक आणि वरून रबरी स्लीव्ह, असं दुहेरी करायचं ठरवलं.

दुपारी पोहे मागवले, जिरावन मसाला घालून खाल्ले आणि कास्ट, म्हणजे स्टंपचा पीओपीचा साचा, घेतला. नेहमी गुडघा किंचित वाकवून घेते, या वेळी बराच वाकवून ठेवला. ओल्या पट्ट्या घट्ट होईपर्यंत मी गुडघ्यामागे दोन्ही अंगठे दाबून शिरांची जागा धरून बसले होते आणि ती मला सांगत होती, पॅरिसला बायकांची टाइम ट्रायल 500 मीटरची होती, सी 4 आणि सी 5 एकत्र पळतात आणि गटाप्रमाणे वेळेला गुणक लावून निकाल काढतात.

तो पाय आता तिच्याकडे आहे. डावीकडचा क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, 170 मिलिमीटरचा 165 केला, त्यामुळे पेडल वर आल्यावर गुडघा आणखी थोडा मोकळा झाला. वळ गेले. बधिरपणा येतो, पण आता तासाभराने. उरलाय घाम. मे महिन्यात सुपर कॉरिडॉरवर लायनरमध्ये इतकं पाणी साठतं की स्टंप आत सरकायला लागतो. सरावात ती रस्त्याच्या कडेला बसून पुसून घेते; रस्त्यावरच्या शर्यतीत तेवढी सवड कोण देणार? आतून बारीक भोकं असलेला लायनर मागवलाय. तो आला की पुन्हा सायकल वर आणायची आहे.