ठाण्याच्या तलावांची साइट: ४०४ चं पान आता वाट दाखवतं

ठाण्यातल्या तलावांच्या माझ्या साइटवर चुकीचा पत्ता टाकला की आजवर सर्व्हरचं रुक्ष इंग्रजी पान यायचं: ४०४ (पान सापडलं नाही, हे सांगणारा सर्व्हरचा आकडा), 'नॉट फाउंड', आणि पुढे काही नाही. ते आता गेलं. त्या जागी मराठी पान आहे, आणि आलेल्या माणसाला बहुधा कुठला तलाव हवा होता हे ओळखून ते त्याचा दुवा पुढे करतं.

सर्व्हरचं काम एका ओळीचं. साइट अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरवर आहे, त्यामुळे त्याच्या सेटिंगच्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये एररडॉक्युमेंट, पुढे ४०४, पुढे पानाचा पत्ता. हा पत्ता तिरक्या रेघेपासून सुरू होणारा, साइटच्या आतलाच हवा. एचटीटीपीएसपासून पूर्ण यूआरएल दिला तर अपाची सरळ रिडायरेक्ट करतो, म्हणजे ब्राउझरला त्या पत्त्यावर पाठवतो. मग ब्राउझरला आधी ३०२ ('दुसरीकडे जा') आणि नंतर २०० ('सगळं ठीक') मिळतो, ४०४ कुठेच उरत नाही. पान दिसायला तेच, पण गूगलच्या लेखी ते 'सॉफ्ट ४०४' ठरतं, म्हणजे पान नसूनही 'ठीक' सांगणारं. म्हणून पान चढवल्यावर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ४०४ हाच आकडा येतो का ते बघाच. सीएसएस (पानाची सजावट ठरवणारी फाइल) आणि चित्रांचे पत्तेही तिरक्या रेघेनेच सुरू करा, नाहीतर दोन फोल्डर आतला पत्ता चुकला की पान उघडंबोडकं दिसतं.

खरा जीव ओतला तो अंदाज बांधण्यात. साइटवरचे बहुतेक पत्ते रोमन लिपीत आहेत आणि आपल्या नावांचं स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. उपवनला कोणी व्ही लावतं, कोणी डब्ल्यू. मासुंदात कोणी एक यू लिहितं, कोणी दोन ओ. अशा फरकांसाठी लेव्हेनश्टाइन अंतर उत्तम चालतं: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. उपवनचं अंतर १, मासुंदाचं २.

पण नुसत्या अंतरावर भरवसा टाकता येत नाही. कोणी फक्त 'रायला' एवढंच टाइप केलं, तर रायलादेवीपर्यंत चार अक्षरं घालावी लागतात, आणि जेल तलावाच्या रोमन स्पेलिंगपर्यंत दोनच बदल पुरतात. म्हणजे गणित माणसाला भलत्याच तलावावर पाठवणार. म्हणून आता आधी सुरुवातीची अक्षरं जुळतात का ते बघते, ती जुळली नाहीत तरच अंतर काढते. पाच अक्षरांपर्यंतच्या नावाला एकच बदल माफ, त्याहून लांब नावाला दोन.

या दोन्हींच्या आधी एक साधी यादी तपासली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम तीच करते. 'तलावपाळी' म्हणणाऱ्याला मासुंदाच हवा असतो, हे कुठल्याही अंतराला कळणार नाही. कौपिनेश्वर लिहिलं तरी मासुंदा, कारण मंदिर त्याच्या काठाशी. येऊर लिहिलं तर उपवन, पायथ्याशी तोच. महापालिका लिहिलं तर कचराळी. ही यादी ठाण्यात राहणाऱ्यानेच करायची. आपल्या गावाच्या साइटवर असं पान करणार असाल, तर कोडच्या आधी अशी यादी लिहायला बसा.

देवनागरी पत्त्यांचा प्रश्न वेगळा. 'ठाणे' डोळ्याला दोन अक्षरं, युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत चार चिन्हं, आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्क्याची खूण आणि वर दोन अक्षरं, म्हणजे एकूण ३६. एवढा लांब दुवा कॉपी करताना मध्येच तुटतो, आणि अर्धवट बाइट हाती आला की जावास्क्रिप्टचं डिकोडयूआरआयकंपोनंट हे फंक्शन थेट एरर देऊन थांबतं. त्यामुळे ते ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर झेलणाऱ्या कोडमध्ये, ठेवलंय. एरर आली की शेवटचा तुकडा छाटून पुन्हा डिकोड करायचं; उरलेल्या अक्षरांवरून नाव बहुतेक ओळखू येतं. 'ॲल्बम'च्या पानासाठी आणखी एक सोय करावी लागली: 'ॲ' कीबोर्डवरून एकाच चिन्हाचा येतो, किंवा 'अ' अधिक चंद्र असा दोन चिन्हांचा. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही हे दोन्ही एक करत नाही, आपणच बदलून घ्यावं लागतं.

चुकलेला पत्ता पानावर दाखवताना तो इनरएचटीएमएलने घालू नका (ते मजकूर कोड म्हणून वाचतं), टेक्स्टकंटेंट वापरा (ते नुसता मजकूर दाखवतं). पत्त्यात कोणीही स्क्रिप्ट लिहून पाठवू शकतं.

मजकूर अगदी साधा ठेवला: 'हे पान सापडलं नाही. तुम्हाला उपवन तलाव हवा होता का?' खाली सगळ्या तलावांची यादी आणि शोधाची चौकट. रडका चेहरा नाही, विनोद नाही. आपोआप मुख्य पानावर ढकलणंही मुद्दाम टाळलं, कारण मग आपला पत्ता चुकला होता हेच माणसाला कळत नाही. पानाची भाषा मराठी असल्याची खूण एचटीएमएल टॅगमध्ये दिली आहे, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी उच्चारात वाचेल.

आता ॲक्सेस लॉगमधून (कोणी कुठला पत्ता मागितला याची सर्व्हरची नोंद) ४०४ च्या ओळी वेगळ्या काढायच्या आहेत. जी पानं मी कायमची काढली त्यांना ४१० ('पान कायमचं गेलं') देणार, आणि लोक ज्या नावांनी शोधत आले ती यादीत भरणार. आंबेघोसाळे आणि मखमली तलावांसाठी यादीत अजून एकही बोलीतलं नाव नाही, तिथूनच सुरुवात करते.