त्या रात्री पाळी काकांची होती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आमच्या घरात झोपलेलो नव्हतो. आमचे गाव किल्लारीपासून जेमतेम दोन कोसांवर होते आणि आमचे घर गावातल्या जुन्या, भक्कम म्हणून नावाजलेल्या घरांपैकी एक होते.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. शेतातल्या कोठ्यात आमची गाय व्यायला आली होती, म्हणून बाबा आणि काका आळीपाळीने तिकडे झोपायला जात आणि त्या रात्री पाळी काकांची होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत दुपारपासून लेझीम खेळून काका घरी आले, तेव्हा त्यांना ताटावर बसवत नव्हते. बाबा म्हणाले, "तू नीज, मी जातो." वासरू बघायचे म्हणून मी भोकाड पसरले. एरवी त्याबद्दल पाठीत धपाटा मिळाला असता, पण आईच्या मनात काय आले कोणास ठाऊक, तिने धाकट्या बहिणीला कडेवर घेतले आणि आम्ही सगळेच निघालो. सणाच्या दिवशी लेकराबाळांना घेऊन रानात निजायला जातात का, म्हणून आजी दारात उभी राहून बोलत होती. तिचे ते बोलणे कानावर घेतच आम्ही पांदीला लागलो.

पहाटे मला जाग आली ती गुरांच्या हंबरण्याने. मग जमिनीखालून दगडांची गाडी रिकामी होत असल्यासारखा आवाज आला, कोठ्याचे पत्रे थडथडले आणि खुंटीवरचा कंदील खाली पडला. पत्रे मात्र जागेवर राहिले. बाबा गावाकडे धावत सुटले. उजाडल्यावर त्यांना आपले घर ओळखू आले ते केवळ तुळशीवृंदावनावरून. आजी ज्या खणात झोपली होती तिथली तुळई दोन खांबांवर तिरपी अडकून राहिली होती, म्हणून आजी जिवंत निघाली. काका भिंतीच्या कडेला झोपले होते.

आमच्याकडच्या माळवदाच्या घरांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळे काही दैवावर ढकलून देणे मला पटत नाही. भिंती हात-दीड हात रुंद, दोन्ही अंगांनी दगड, मध्ये भर आणि सांधायला नुसती माती. वरती लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे आणि गळू नये म्हणून त्यावर पावसाळ्याआधी पुन्हा माती टाकली जाई. आजोबांच्या काळापासूनचे असे थर आमच्या डोक्यावर साठले होते. उन्हाळ्यात घर गार राही आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. जमीन हलली तेव्हा त्या भिंतींनी एकमेकींना धरले नाही आणि वरची माती खाली आली. आमच्या मागच्या बाजूला कुडाच्या छपरात राहणारे कुटुंब खरचटण्यावर निभावले. सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतेक अशाच भिंतींखाली, झोपेत.

शिवाय आधी काही जाणवलेच नव्हते असेही नाही. १९९२ मध्ये त्या भागात लहान-लहान धक्के बसले होते आणि तेव्हा कित्येक रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून झोपलो होतो, अर्थात काकांसह. पुढे धक्के थांबले, थंडी पडली आणि एकेक करून लोक आत गेले. आत जाण्याचा तो निर्णयही तितकाच साधा, विचार न करता घेतलेला होता. शेजारचा मुलगा पुण्याहून रजा काढून खास विसर्जनाला आला होता आणि तो गेला. त्याच्या थोरल्या भावाला रजा मिळाली नाही, म्हणून तो रुसून बसला होता, तो वाचला.

नातेवाईक ही गोष्ट सांगताना नेहमी माझ्या हट्टाचे कौतुक करतात, "पोरानं घर तारलं" म्हणतात. बाबांसमोर कोणी तसे म्हटले की ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातात. ज्या एका वाक्याने आम्ही चौघे वाचलो, त्याच वाक्याने काका घरात राहिले, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आजीने त्यांना कधी बोल लावला नाही. एकदाच, मी कॉलेजात असताना, शेंगा फोडता फोडता ती सहज म्हणाली, "चांगल्या मनानंच निजवलं होतं त्यानं भावाला." बाबा ओसरीवर होते, त्यांनी ते ऐकले असावे.

गाय तिसऱ्या दिवशी व्यायली, कालवड झाली. त्या दिवशी तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती, मलाही नाही. पुढे गावाचे पुनर्वसन झाले, आम्ही नव्या घरात राहायला गेलो, पण शेतात राखणीला झोपण्याच्या पाळ्या अजून चालू आहेत. आता त्या बाबा आणि चुलतभाऊ यांच्यात लागतात. बाबांना ताप असला तरी ते आपल्या पाळीला स्वतः जातात, दुसऱ्याला पाठवत नाहीत, आणि चुलतभाऊ कितीही दमलेला असला तरी त्याच्या जागी जायला कधी उठत नाहीत.