आदिवासी महिला सरपंच: तयारी निवडणुकीच्या वर्षभर आधीची

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित भागात, सरपंचपद अनुसूचित जमातीकडेच राहतं. त्यामुळे जव्हार, अक्कलकुवा, धारणी, एटापल्ली या तालुक्यांत आदिवासी बाई सरपंच होणं नवलाचं राहिलेलं नाही. तिच्या मदतीला येणाऱ्या संस्था बहुधा भाषणाचं प्रशिक्षण ठेवतात. माझं ठाम मत आहे की वेळ आणि पैसा आधी कागदांवर खर्च व्हावा. बोलायला बाई दोन-तीन ग्रामसभांत शिकते, पण जातपडताळणी अडकली की मिळालेलं पदच जातं.

राखीव जागेवर अर्ज भरताना जातवैधता प्रमाणपत्र किंवा त्यासाठी जातपडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच लागते. पोचवर निवडून आलेल्या बाईने ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द होते. जात जन्माने ठरते, म्हणून पुरावे सगळे माहेरचे लागतात. इथेच घोळ होतो. शाळेच्या आणि जातीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार आणि मतदार यादीत सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला सर्वांत सोपा. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीतच होते, तरी बहुतेकींकडे तो नसतो.

नंतर वडील, आजोबा, पणजोबांच्या नोंदी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला मोल असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला तर उत्तम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची (गाव नमुना १४), नक्कल काढावी. नुसतं ‘कोळी’ लिहिलंय की अनुसूचित जमातींच्या यादीतलं ‘महादेव कोळी’, हे नक्कल हातात येताच वाचावं. त्रुटी तिथेच निघतात. सख्ख्या भावाला किंवा काकाला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडल्याने काम बरंच हलकं होतं.

बाकीच्या अटी थोडक्यात. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असावं लागतं. सरकारी जागेवरचं अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या कुणाचं असलं तरी बाई अपात्र ठरू शकते, म्हणून घर वनजमीन कसत असेल तर तिच्यावरच्या वनहक्क दाव्याची पोच जपून ठेवावी. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, हरलेल्या उमेदवारानेही.

निवडून आल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती डिजिटल सहीची. वित्त आयोगाच्या निधीतली देयकं सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’) या दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. ही सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा डोंगल संगणकचालकाच्या खणात आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर असेल, तर बाई नावापुरतीच सरपंच. स्वतःच्या सिमकार्डावर नोंदणी आणि डोंगल स्वतःच्या घरी, हे पहिल्याच महिन्यात करून घ्यावं.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती होते, पण ठराव इतिवृत्तात उतरत नाहीत. ठरावाला क्रमांक, सूचक आणि अनुमोदक हवेत, आणि वहीची नक्कल त्याच दिवशी घ्यावी.

दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेला बायकाच नसतात. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. ती गणपूर्ती जानेवारीत होणं कठीण. म्हणून असे विषय ऑगस्टमध्ये घ्यावेत. पाडा पंचायतीपासून लांब असेल तर २०१४ च्या पेसा नियमांनुसार निम्म्याहून जास्त मतदारांच्या ठरावाने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाड्याला स्वतंत्र गाव घोषित करण्याची मागणी करता येते. मग ग्रामसभा पाड्यातच भरते आणि तान्ही मुलं असलेल्या बायकांनाही येता येतं.