डावीकडून दुसरी

बुधवार, रात्री उशिरा.

आत्याचा फोन येऊन चार तास झाले, तरी तिचा प्रश्न मनातून जात नाही. "बाकीच्या दिसतायत, मी कुठे आहे रे?" एवढेच तिने विचारले. अकरावीच्या वर्गाचा 1971 सालचा तो फोटो तिनेच जपून ठेवून माझ्याकडे दिला होता. मधल्या ओळीत डावीकडून दुसरी ती उभी आहे. आमच्या वेबसाइटच्या पानावर मात्र ती नव्हती, आणि पान दहा वेळा तपासूनही मला ते दिसले नव्हते.

मूळ फाइल शाबूत आहे, फक्त चौकटीत कडा दिसत नाहीत, असे मी तिला समजावले. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चे काय करावे, ते मला कळत नाही.

पाच संध्याकाळी खपून मी फोटोंसाठी एकच रिॲक्ट कॉम्पोनंट, म्हणजे एकदा लिहून हव्या त्या पानावर वापरायचा कोडचा तुकडा, लिहिला होता. आधी प्रत्येक पानावर फोटोचा टॅग, म्हणजे फोटो दाखवणारी कोडची ओळ, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिला होता. रुंदी-उंची कुणी दिलेली नसल्यामुळे फोटो उतरला की मजकूर खाली ढकलला जाई आणि वाचणाऱ्याचे बोट भलत्याच दुव्यावर पडे. आता ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो, खालचे फोटो तिथवर पोहोचेपर्यंत मागवत नाही आणि पडद्याच्या मापाची फाइल निवडतो. 31 ठिकाणी मी हा कॉम्पोनंट बसवला. पाने धक्के खात नाहीत, हे एकालाही जाणवले नाही याचे संध्याकाळी फार वाईट वाटले.

चूक एका ओळीची आहे. चौकट चौरस आणि "ऑब्जेक्ट-फिट"ची (फोटो चौकटीत कसा बसवायचा ते सांगणाऱ्या नियमाची) किंमत "कव्हर", हे मी डिफॉल्ट म्हणून, म्हणजे वेगळे न सांगितल्यास आपोआप लागू होईल असे, लिहून टाकले होते, कारण यादीत सगळे फोटो सारखे दिसावेत असे मला वाटत होते. "कव्हर" चौकट पूर्ण भरते आणि उरलेले, वेगळे काही सांगितले नसेल तर, दोन्ही बाजूंनी सारखे कापते. तीनास दोन प्रमाणातला आडवा फोटो चौरसात बसवला की रुंदीचा एक तृतीयांश भाग जातो. आत्याच्या फोटोत तीन ओळी आहेत, प्रत्येकीत अठरा जण काठोकाठ उभे. म्हणजे दर ओळीतून डावीकडचे तीन आणि उजवीकडचे तीन, एकूण अठरा माणसे. फोटोऐवजी वाचून दाखवायच्या पर्यायी मजकुरात मी "संपूर्ण वर्ग" असे लिहिले होते. ज्याला दिसत नाही त्याला पडदावाचक तेच वाचून दाखवत होता.

माझ्या कष्टांची मला संध्याकाळी जी कीव वाटत होती, ती हा हिशेब मांडताना ओसरली. जे एकदा लिहून 31 ठिकाणी वापरायचे, त्यातली चूकही 31 ठिकाणी जाणार, हे मी पत्करलेलेच होते. डिफॉल्ट काढून टाकला आहे. फोटो कसा बसवायचा हे आता प्रत्येक ठिकाणी सांगावेच लागते, न सांगितल्यास टाइपस्क्रिप्ट, ही कोड तपासणारी भाषा, अडवते; त्यामुळे एकेक फोटो उघडून, कडेला कोण उभे आहे ते पाहून मी ठरवतो आहे. समूहफोटोंना "कंटेन" दिले, म्हणजे काही न कापता अख्खा फोटो चौकटीत मावतो. वर-खाली रिकाम्या पट्ट्या येतात, यादीचा सारखेपणा मोडतो. मोडू दे.

बावीस ठिकाणे झाली. आत्या आता पानावर आहे, पण तिच्या मोबाइलच्या 360 पिक्सेल रुंदीत अठरा जणांची ओळ, म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम 20 पिक्सेल. ती आहे, पण ओळखू येत नाही. बोट ठेवताच मोठी फाइल मागवून पूर्ण पडद्यावर उघडण्याची सोय कॉम्पोनंटमध्ये करावी लागेल; ती आज होणार नाही. तिला फोन त्यानंतरच करीन.