म्हापसा ते विठ्ठलापूर : जुन्या बरगड्या घेऊन

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, दशमीला, पहाटे साडेचारला म्हापशातून निघालो तेव्हा पाऊस नव्हता, पण हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसली होती. थिवी, शिरसई, अस्नोडा, मुळगाव, डिचोली आणि मग कारापूरच्या विठ्ठलापुरातलं विठ्ठलाचं देऊळ, सगळं मिळून साधारण २५ किलोमीटर. धडधाकट माणूस हे एका दिवसात चालतो. आम्ही दोन दिवस घेतो : दशमीचा मुक्काम डिचोलीला, एकादशीला उरलेले सात-आठ किलोमीटर. कारण या छोट्या दिंडीतल्या बऱ्याच जणांच्या छातीत जुनं दुखणं आहे. कुणी दुचाकी घसरून हँडलवर आदळलेलं, कुणी माडावरून पडलेले पाडेली (नारळ पाडणारे), कुणी सीटबेल्टने वाचलेलं पण बरगडी मोडलेलं, कुणी घरातला मार सोसून बाहेर पडलेलं. कुणाचं काय झालं ते इथे सांगायचं नाही. चालताना काय होतं आणि त्यावर काय करायचं, एवढंच सांगायचं आहे.

हात मोडला तर तो गळ्यात अडकवून ठेवता येतो. बरगडीला सुट्टी नाही. दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास होतात आणि प्रत्येक श्वासाला बारा जोड्या उचलल्या जातात, बादलीची कडी वर-खाली व्हावी तशा. मोडलेलं हाड बहुधा ६ ते १२ आठवड्यांत सांधतं. तीन महिने उलटूनही दुखत राहिलं तर कारण अनेकदा हाडाबाहेर असतं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला खोबण असते आणि तिच्यातून नस जाते. ती दुखावली की पट्ट्यासारखी जळजळ पाठीतून पुढे येते आणि सदऱ्याचा स्पर्शही नकोसा होतो. पुढे छातीच्या हाडाजवळ कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, सुजते. मागे बरगडी मणक्याला जिथे जोडलेली असते तो सांधा आखडतो. आठव्या ते दहाव्या बरगडीची टोकं कधी सैल होतात आणि वाकलं की टचकन सरकतात. या सगळ्यांवर आणखी एक थर असतो : एकदा मार बसलेलं शरीर पुढच्या माराची वाट बघत राहतं, खांदे वर, पोट आत, श्वास गळ्याशी अडकलेला. एक्स-रे स्वच्छ येतो आणि घरचे म्हणतात, ‘काही नाही, मनाचं आहे.’ मनाचं असलं तरी दुखतं ते बरगडीतच.

आमचं मत सांगतो. वारीत पाय छातीला त्रास देत नाहीत. त्रास देतात हात, आणि धरून ठेवलेला श्वास.

थिवीच्या अलीकडे हे नेहमी दिसतं. रस्ता अरुंद, मागून बस येते, कर्णा वाजतो. दिंडीतल्या दोघा-तिघांचे खांदे एकदम कानाला लागतात आणि पुढची दहा-बारा पावलं त्यांचा श्वास बंद असतो. बस निघून जाते, छाती मात्र आवळलेलीच राहते आणि पाच मिनिटांनी जुन्या जागी सुई टोचायला लागते. अशा वेळी शेजारचा हमखास म्हणतो, ‘माऊली, दीर्घ श्वास घ्या.’ इथेच चुकतं. आधीच फुगलेल्या छातीत आणखी हवा कोंबली की ताण वाढतो. भराभर मोठे श्वास घेत राहिलं तर बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि माणूस आणखी घाबरतो. आधी सोडायचा असतो. तोंड किंचित उघडं ठेवून हवा सुस्कारल्यासारखी जाऊ द्यायची, खांदे पडू द्यायचे, मग श्वास आपोआप येतो तेवढाच घ्यायचा. चालताना मोजायचं तर तीन पावलं आत, चार किंवा पाच पावलं बाहेर. चढावर दोन आत, तीन बाहेर. एक हात पोटावर ठेवला की श्वास खाली उतरतोय का ते कळतं.

आणि यासाठी वेगळा व्यायाम लागत नाही, दिंडीत तो चालूच असतो. ‘जय जय राम कृष्ण हरी’ संथ लयीत म्हटलं की श्वास लांब सुटतो आणि मधल्या विरामात भरतो. अट एकच, म्हणायचं, ओरडायचं नाही. वरच्या पट्टीत ताणून गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा वर येतात, छाती वर खेचली जाते, आणि संध्याकाळी तोच बरगडी धरून बसलेला दिसतो.

ओळीतली जागाही आधी ठरवून घेतो. गर्दीचा धक्का, मागून येणारा आवाज, अचानक फुटलेला फटाका यांनी ज्याची छाती आवळते त्याला मधल्या ओळीत कोंडू नये. त्याला शेवटच्या ओळीत कडेला ठेवायचं, रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुखरी बाजू माणसाकडे न ठेवता मोकळी. शेजारी ओळखीचा माणूस, ज्याला ‘आता बोलू नको’ एवढं खुणेने कळतं. पाठीवर थाप मारून धीर देणाऱ्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो, हात लावायचा तर विचारून.

आता हातांचं. दिंडीत शिरल्या शिरल्या कुणीतरी टाळ पुढे करतं.

‘घ्या माऊली, वाजवा.’

‘तुम्ही वाजवा, मी म्हणतो.’

एवढं उत्तर पाठ करून ठेवावं. टाळ जड म्हणून अडचण नाही. दोन्ही हात छातीच्या उंचीवर तासभर अधांतरी धरायचे आणि दर ठोक्याला छातीच्या पुढच्या स्नायूंनी आत ओढायचे, यात अडचण आहे. तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या कूर्चेला हे पुरेसं होतं. वाजवायचेच असतील तर कोपर अंगाला टेकवून, टाळ बेंबीच्या पातळीवर, एका अभंगापुरते, मग पुढच्याला द्यायचे. पखवाजाचा पट्टा मानेतून छातीवर येतो, तो नकोच. पताका वाऱ्यात एका कुशीवर ओढते, तीही नको. पावली खेळायला हरकत नाही, उडी न मारता. फुगडी मात्र अजिबात नाही. समोरचा हात ओढतो, धड फिरतं आणि सैल बरगडीला नेमकं तेच चालत नाही.

छत्रीसुद्धा याच यादीत आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आषाढातला गोव्याचा वारा छत्री उलटी करतो, आणि ती सावरताना जो झटका बसतो तो थेट कुशीत. गुडघ्यापर्यंतचा सैल रेनकोट घ्यावा, छातीवर आवळणारा नाही. आत सुती सदरा, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला दुसरा. भिजलेल्या अंगावर वारा लागून कुडकुडायला झालं की बरगड्यांमधले स्नायू आखडतात. म्हणून अस्नोड्याला चहासाठी थांबल्यावर आम्ही आधी सदरा बदलतो, मग चहा.

सामान तीन किलोच्या वर नाही. एका खांद्यावरची झोळी सगळ्यात वाईट, ती त्या बाजूच्या बरगड्या दिवसभर दाबून धरते. दोन पट्ट्यांची सॅक बरी, पण छातीवरून जाणारी आडवी पट्टी लावायची नाही. कंबरपट्टा लावायचा, म्हणजे भार कमरेवर उतरतो. बायकांनी घट्ट इलास्टिकची ब्रा टाळावी, तिची खालची कड सहाव्या-सातव्या बरगडीवर बसते आणि घामाने ओली झाली की करवतीसारखी घासते. डोक्यावर तुळशीवृंदावन घ्यायचं असेल तर हाताने न धरता तोलता येत असेल तरच घ्यावं. एक हात वर धरून चालणं म्हणजे पुन्हा छत्रीच झाली.

मुळगाव ओलांडताना केळबाई देवीला बाहेरूनच नमस्कार केला. म्हापशाच्या मिराबाई देवीच्या गावातून निघायचं आणि तिच्या बहिणीच्या गावावरून जायचं, सात बहिणींची कथा माहीत असलेल्या गोंयकाराला हा रस्ता तसा माहेरचाच. इथे सपाट रस्ता संपून चढउतार लागतात. उतारावर पाय जोरात आपटला की हादरा वर येतो, म्हणून पावलं लहान आणि गुडघे किंचित सैल. ओल्या शेवाळलेल्या कडेवरून घसरणं हा खरा धोका. जुन्या बरगडीवर नवा मार नको. तळाला खोल खाचा असलेल्या चपला घालाव्या, अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये.

चैत्रातल्या जत्रेला हाच रस्ता चालाल तर पावसाऐवजी खाणपट्ट्यातली लाल धूळ असते आणि धुळीने खोकला येतो. खोकला म्हणजे आतून बसलेला गुद्दा. त्यासाठी हाताशी घडी केलेला टॉवेल ठेवायचा. खोकला येतोय असं वाटलं की थांबायचं, थोडं पुढे झुकायचं, टॉवेल दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी दाबायचा आणि मग खोकायचं. शिंकेलाही तेच. पण टॉवेल किंवा पट्टा दिवसभर आवळून बांधायचा नाही. पूर्वी बरगडीला पट्टे बांधत. त्याने श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती असते, म्हणून ते सोडून दिलं गेलं.

डिचोलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. १७ किलोमीटरमध्ये सहा थांबे झाले, दर थांबा दहा मिनिटं. दुखायला लागेपर्यंत वाट बघायची नाही, ठरल्या वेळेला थांबायचं. दुखेपर्यंत चालणारा त्या दिवशी जिंकतो आणि पुढचे तीन दिवस झोपून काढतो. सराव आठ आठवडे आधी, दोन किलोमीटरपासून. मोजमाप सोपं आहे : चालून आल्यावर दुखणं दहापैकी दोनने वाढलं तरी चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या जागी आलं पाहिजे. नाही आलं तर ते अंतर अजून तुमचं नाही.

मुक्काम फरशीवर. चटईखाली दुमडलेली घोंगडी, दुखऱ्या बाजूच्या काखेखाली घट्ट गुंडाळलेली चादर, म्हणजे हात लोंबत नाही आणि कूस ओढली जात नाही. कुशीवर झोपायचं तर आणखी एक चादर छातीशी कवटाळायची. सगळ्यात जास्त चूक उठताना होते. माणूस उताणा असतानाच पोटाच्या जोरावर बसायला जातो आणि किंचाळतो. आधी गुडघे दुमडा. खांदा आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर या, मध्ये पीळ पडू देऊ नका. वरचा तळहात छातीसमोर जमिनीवर टेका, श्वास सोडत खालच्या कोपरावर या, मग गुडघ्यांवर. घाई करू नये, पहाटेच्या काकड्याला दोन मिनिटं उशीर झाला तर पांडुरंग रागावत नाही.

एकादशीचा उपास आणि वेदनेच्या गोळ्या यांचं पटत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी जठराला बाधतात, आणि दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलं असेल तर मूत्रपिंडालाही. वर साबुदाणा आणि शेंगदाणे. मग घशाशी जळजळ येते आणि ती छातीच्या हाडामागे इतकी सारखी दुखते की जुनं दुखणं कोणतं आणि पित्त कोणतं ते कळेनासं होतं. आमच्या पिशवीत उकडलेली रताळी, केळी आणि चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूपाणी असतं. पॅरासिटामॉल पोटाला त्यामानाने सौम्य, पण दोन डोसांत चार ते सहा तास आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच, ती याहून कमी असते. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही धरून मोजायचं. नसेच्या दुखण्यावर प्रीगाबालिन चालू असेल तर वारीसाठी ते एकदम बंद करू नये. त्याने गुंगी येते, म्हणून ओल्या रस्त्यावर काठी घ्यावी, निरोगी बाजूच्या हातात. लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी, पट्टी १२ तास लावायची, १२ तास काढायची. पावसात ती सुटते, म्हणून आम्ही ती मुक्कामाला लावतो.

आणि हे सगळं ‘जुनंच दुखणं आहे’ असं धरून. ही सवय घातक ठरू शकते. बोटाने दाबल्यावर दुखतं, कूस वळवल्यावर दुखतं, ते बहुतेक छातीच्या भिंतीचं. पण दाबल्यावर दुखतं म्हणून हृदय ठीक, असं होत नाही. चढावर छातीवर ओझं आल्यासारखं वाटणं आणि थांबल्यावर कमी होणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अचानक धाप, एका पोटरीला सूज, तापासोबत खोकला, थुंकीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर दिंडी सोडून १०८ ला फोन. तो दुखण्याचा नेहमीचा चेहरा नाही, हे स्वतःला कळायला हवं. त्यासाठी निघण्याआधी कागदावर लिहून ठेवतो : नेहमीचं दुखणं कुठे, कसं, कशाने वाढतं, गोळ्या कोणत्या. प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात.

एकादशीला सकाळी कारापूरची वेस लागली. खाली वाळवंटी पावसाने भरून वाहत होती. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट, इथे नदीचंच नाव वाळवंटी. रांगेत तासभर उभं राहायचं असतं, आणि उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं, कारण पाठ आखडते. दर पाच मिनिटांनी वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं आणि खांदे मागे गोल फिरवायचे. लोटांगण घालायचं नाही, पूर्ण वजन बरगड्यांवर येतं. उभ्यानेच हात जोडले, डोकं थोडं वाकवलं.

परतीला बस. पुढच्या चाकाच्या मागची जागा घेतो. शेवटच्या बाकावर दर खड्ड्याला हादरा बसतो. दुखरी बाजू खिडकीच्या दांड्याकडे नको, गुंडाळलेली चादर मांडीवर, आणि वर धरायचा दांडा चांगल्या हाताने. घरी गेल्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी झोपून राहायचं नाही, गावातच एक किलोमीटर चालायचं.