हो म्हणून टाकू का?

तात्या बेपत्ता झाले त्याला त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. रात्रीची लाईट होती. उसाला पाणी द्यायला अकराच्या सुमारास घरून निघाले. मोटार चालू झाली, पाणी उसात शिरलं, सकाळी बांध फोडून रस्त्यावर आलं. तात्या मात्र नाहीत. बॅटरी बांधावर, पेटलेलीच. मोबाईल घरी चार्जिंगला, त्यामुळं टॉवर लोकेशन हा विषयच संपला होता. तरी पोरं रोज विचारायची, "ताई, लोकेशन काढलं का?"

मी या गावची पोलीस पाटील. मानधन 2024 मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, काम मात्र 1967 च्या कायद्यातलंच: गावातली खबर ठाण्याला द्यायची. ठाण्यातली खबर गावाला द्यावी असं त्यात कुठं नाही, आणि गाव माझ्याकडं नेमकं तेच मागत होतं.

पहिले तीन दिवस सगळं गाव शोधत होतं. ऊस सरी-सरीनं बघून झाला, विहिरीत गळ टाकून झाले. बिबट्याची शंका होती म्हणून वनरक्षक आले. ना रक्त, ना ओढत नेल्याची खूण. राहिला कुकडीचा कालवा. आवर्तन चालू होतं. "पाणी बंद करा," म्हणून गाव अडून बसलं, पण खालच्या गावांची पिकं त्याच पाण्याची वाट बघत होती. पाणी चालूच राहिलं.

ठाण्यात 'मिसिंग'ची नोंद झाली, बिनतारी संदेश गेला, फोटो गेला. अठराच्या आतलं पोरगं असतं तर थेट अपहरणाचा गुन्हा लागला असता. साठीचा माणूस, घातपाताची खूण नाही, मग नुसती नोंद. 'गुन्हा नाही म्हणजे तपास नाही' हे गावानं डोक्यात पक्कं धरलं. आठवड्यानं कुजबुज सुरू झाली. बांधाचं भांडण कुणाशी होतं, वाटणीवरून धाकटे भाऊ अण्णा काय बोलले होते. अण्णा पारावर यायचे बंद झाले.

तेविसाव्या दिवशी दहा वाजता फाट्यावर रास्ता रोको ठरला होता. आठला हवालदारांचा फोन आला. शेजारच्या तालुक्यात कालव्याच्या गेटला पुरुषाचं प्रेत अडकलंय, वय साठीच्या आसपास. "ओळख पटवायला घरच्यांना घेऊन या. आणि ते रास्ता रोकोचं बघा जरा." मी म्हटलं, एका वेळी एकच होईल.

काकू, अण्णा आणि मी जीपमध्ये बसलो. फाट्यावर पोरं टायर आणून टाकत होती. आमची जीप दिसताच त्यांनी टायर बाजूला ओढले. कुणी काही विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

सरकारी दवाखान्याच्या मागं शवागार. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नव्हता. अंगावर कपड्याची चिंधी, कमरेला काळा करदोडा. करदोडा काय, निम्म्या तालुक्याच्या कमरेला असतो. अण्णा आत जाऊन लगेच बाहेर आले आणि मला निंबाखाली घेऊन गेले.

"ताई, हो म्हणून टाकू का?"

मला राग आला नाही. हिशेब मलाही माहीत होता. माणूस सात वर्षं कुणाला दिसला-कळला नाही, तरच कायदा त्याला मेलेला धरतो. पूर्वी पुरावा कायद्याचं 108 कलम होतं, आता 111 झालं, वर्षं सातच. तोवर मृत्यूचा दाखला नाही, सातबाऱ्यावर वारसनोंद नाही, सोसायटीचं कर्ज तात्यांच्या नावावर. अण्णांचं तर त्याहून वेगळं. बुडून गेले असं ठरलं की त्यांच्याकडं बघणाऱ्या नजरा वळल्या असत्या. हवालदार काही वाईट माणूस नाही, पण तोही बिडी विझवता विझवता पुटपुटला, "दोन्ही कागद मिटतील." त्याचं मिसिंग, नि शेजारच्या ठाण्याचं अकस्मात मृत्यूचं प्रकरण. आणि माझा फोन वाजायचा थांबला असता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही गप्प राहिले.

मग म्हटलं, "अण्णा, हा कुणाच्या तरी घरचा असेल. आणि उद्या तात्या दारात उभे राहिले तर?" ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात काकू आतून बाहेर आल्या. आम्ही त्यांना आत न्यायचंच टाळत होतो, त्या कधी गेल्या कळलंही नाही.

"पाचही बोटं आहेत," एवढंच म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

तात्यांच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कोळप्यात गेली होती. डॉक्टरांना डीएनएसाठी नमुना ठेवायला सांगून आम्ही निघालो. परतताना मी मोबाईलमधला खबरीच्या अर्जाचा फोटो काढून बघितला. शरीरावरील खुणा: डाव्या पायास करंगळी नाही. अक्षर माझंच. तेवीस दिवसांपूर्वी मीच लिहून दिलेला अर्ज. तो कागद ना ठाण्यात कुणी परत वाचला, ना मी. सकाळी फोनवर एक प्रश्न विचारला असता तर काकूंना ते बघावं लागलं नसतं. रास्ता रोको खरा यावर व्हायला हवा होता, आणि मलाही मधे बसवायला हवं होतं.

तीनला गावात पोहोचलो. फाटा मोकळा होता, टायर पेटलेच नव्हते. माणसं पाराशी जमलेली, बायका काकूंच्या अंगणात. स्मशानाच्या वाटेवर एक ट्रॉली उभी होती, लाकडं आणि गोवऱ्यांनी भरलेली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"जीप गेली तेव्हाच कळलं की."

मी म्हटलं, ते तात्या नाहीत. कुणाच्या तोंडून हुश्श नाही, की रडणं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मग ठरलं काय?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोघं-तिघं माझ्यावरच चिडले. तुम्ही नीट बघितलं का, पाण्यात बोटं फुगतात, अमकं-तमकं. अण्णा सरळ घरी गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

माणसं पांगली. ट्रॅक्टरवाला पोरगा तेवढा थांबला होता.

"ताई, लाकडं खाली करू, का भरलेलीच राहू देऊ?"